चार पानांची अकरा पानं

सभा संपून तासही झाला नव्हता, तोवर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे यायला लागले. ‘आम्हाला ५२० मिळणार.’ ‘५२० कसे? माझ्या हिशोबाने ५४९.’ ‘५७२ होतात, मुलाने काढून दिलं.’ शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, ‘६०१ चौरस फूट. त्याच्या खाली मी सही करणार नाही.’ या चौघांची घरं एकाच मापाची, एकावर एक बांधलेली. विकासकाच्या, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधून देणाऱ्या बिल्डरच्या, माणसाने सभेत वाक्य तर एकच उच्चारलं होतं: ‘आहे त्या कार्पेटवर तीस टक्के जास्त.’ कार्पेट म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र.

ही जानेवारी २०२१ची गोष्ट. पुण्यात कर्वेनगरात आमची १९८३ सालची इमारत, तळमजला आणि वर तीन मजले, २४ घरं, लिफ्ट नाही. पुनर्विकासाचं ठरलं होतं, सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालच्या सरकारी निर्देशांप्रमाणे विकासक निवडला गेला होता आणि विकसन करारनाम्याचा ८४ पानांचा इंग्रजी मसुदा आमच्या हातात पडला होता. मी सोसायटीची सचिव. मसुदा आला त्या रात्री मी बांधकाम होईपर्यंत मिळायचं भाडं किती, कॉर्पस म्हणजे विकासकाकडून मिळणारा निधी किती, मुदत किती एवढं वाचलं. सुरुवातीची व्याख्यांची चार पानं पलटून पुढे गेले होते.

चार आकडे चार तऱ्हेचे का आले, हे बघायला दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे गेले. त्यांचं घर त्याच मापाचं. हॉल १० बाय १४, बेडरूम १० बाय १२, स्वयंपाकघर ८ बाय १०, न्हाणीघर-संडास आणि मधला बोळ मिळून ६०. खोल्यांची बेरीज ४०० चौरस फूट. बाहेर ४ बाय १० ची बाल्कनी, म्हणजे आणखी ४०. आतल्या भिंतींच्या जाडीखाली गेलेली जागा २२ फूट. आता नुसत्या खोल्या धरल्या तर ४००, आणि तीस टक्के मिळवले की ५२०. आतल्या भिंती धरल्या तर ५४९. भिंती सोडून बाल्कनी धरली तर ५७२. दोन्ही धरलं तर ६०१. चौघांचंही गणित अचूक होतं. प्रत्येकाने ‘कार्पेट’ म्हणून वेगळी जागा मनात धरली होती.

कायद्यातसुद्धा या शब्दाचा अर्थ एकच नाही. १९६३चा महाराष्ट्राचा सदनिका मालकीचा कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, तो कार्पेटमध्ये बाल्कनी धरतो. २०१६चा केंद्राचा स्थावर मालमत्तेचा कायदा, म्हणजे रेरा, बाल्कनी वगळतो; बाहेरच्या भिंती, डक्ट आणि खासगी उघडी गच्चीही वगळतो, पण आतल्या भिंतींची जागा मात्र धरतो. आमच्या मसुद्यात व्याख्येपुढे ‘लागू कायद्यानुसार’ एवढंच लिहिलं होतं. कोणता कायदा, ते नव्हतं. जुनं घर मोजताना मसुद्याच्या एका परिशिष्टात रेराचं माप घेतलेलं होतं, म्हणजे आजींच्या बाल्कनीचे ४० फूट गेले. आणि नव्या घराचं क्षेत्र देताना दुसऱ्याच परिशिष्टात ‘बाल्कनीसह’ असं लिहिलेलं. जुनी बाल्कनी मोजायची नाही, नवी मात्र मोजून द्यायची. ४० वर तीस टक्के, म्हणजे घरटी ५२ फूट. आजींचं देवघर, फ्रीज आणि शिलाई मशीन मिळून एवढी जागा लागत नाही.

आजी टेपचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘तुळशीची जागा मोजलीस ना गं?’ तुळस बाल्कनीत होती.

मराठीत शब्द शोधायला गेले तर घोटाळा आणखी वाढला. कार्पेट एरियाला आपण चटईक्षेत्र म्हणतो. पण महापालिकेच्या भाषेत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत किती बांधता येतं त्याचं प्रमाण, हाही ‘चटई क्षेत्र निर्देशांक’, आणि तिथलं चटई क्षेत्र म्हणजे भिंतींसकट बांधलेला मजला. एकाच करारनाम्यात दोन्ही गोष्टी येणार होत्या. म्हणून सभासदांसाठी मराठी प्रत केली तेव्हा मी ‘चटईक्षेत्र’ हा शब्द पूर्ण काढून टाकला. ‘कार्पेट एरिया’ हाच शब्द ठेवला आणि त्याच्यासमोर आजींच्या घराचं उदाहरण आकड्यांसकट लिहिलं. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्या एका सभासदांना ते खटकलं. मलाही मराठी शब्द प्रिय आहेत, पण जो शब्द दोन गोष्टींकडे बोट दाखवतो त्यावर कोणाचं घर मोजू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्या आठवड्यात मी ती चार पानं शब्द न् शब्द वाचली, आणि तिसऱ्या पानावर अडले. ‘प्रत्येक कुटुंबास एक पार्किंग.’ आमच्याकडे एका घरात दोन भाऊ राहतात, दोघांचे स्वयंपाक वेगळे. आणि एका कुटुंबाने शेजारशेजारची दोन घरं घेऊन मधली भिंत पाडलेली. आता पार्किंग कोणाला किती? ‘कुटुंब’ या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे, म्हणून तिथेच थांबले.

२००४ मध्ये मी एका संशोधन प्रकल्पावर क्षेत्र-पर्यवेक्षक होते. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या गावांत घरोघरी प्रश्नावली भरायची होती. प्रशिक्षणात आम्हाला कुटुंबाची व्याख्या शिकवली ती जनगणनेच्या धाटणीची: सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. मराठीत हे समजावून सांगावं लागत नाही. ‘चूल वेगळी मांडली’ म्हटलं की घर वेगळं झालं. म्हाताऱ्या सासूला विचारलं, ‘मोठा मुलगा तुमच्यातच का?’ तर ती म्हणायची, ‘घर एक, चूल येगळी.’ मी दोन अर्ज भरायची. इतकी चांगली व्याख्या मी नंतर फार कमी पाहिली.

अडलं ते दुसरीकडे. प्रश्नावलीत प्रश्न होता, ‘घरातून ऊसतोडीला किती मजूर जातात?’ लोक उत्तर द्यायचे, ‘एक कोयता.’ कुठे ‘दोन कोयते’, कुठे ‘दीड कोयता’. आमच्या मुलांनी चौकटीत १ लिहिलं, २ लिहिलं, दीड आला तिथे बहुतेकांनी २ केले. तीन आठवडे असं चाललं. एका रात्री मुक्कामी अर्ज तपासताना माझ्या लक्षात आलं की स्त्री मजुरांचा रकाना जवळजवळ रिकामा आहे. आणि त्याच दिवशी दुपारी मी एका बाईशी बोलले होते, जिने मानेवरचा घट्टा दाखवून सांगितलं होतं की मोळ्या वाहून वाहून हा झाला.

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून वाहते. मुकादम, म्हणजे मजुरांना कामावर नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर, हिशोब होतो तो कोयत्याचा. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. तिथल्या व्यवहारात हा शब्द काटेकोर आहे. मुकादम आणि मजूर यांच्यात त्याच्या अर्थावरून कधी वाद होत नाही. आम्ही मात्र तो व्याख्येशिवाय उचलला आणि ‘मजूर’ या चौकटीत बसवला. एका कोयत्याचा एक मजूर झाला, आणि तो पुरुष धरला गेला. तीन आठवड्यांच्या कागदांवर निम्मी माणसं नव्हती, आणि ती निम्मी माणसं म्हणजे सगळ्या बायका होत्या.

सकाळी मी प्रकल्पप्रमुखांना फोन केला. ते आधी रागावले, मग पाच मिनिटांनी त्यांनीच परत फोन करून सांगितलं, सगळी घरं पुन्हा करा. आम्ही अर्जाच्या वर एक पट्टी चिकटवली: ‘कोयता’ असं उत्तर आलं तर कोयत्यात कोण कोण, नाव, वय, स्त्री की पुरुष, वेगवेगळं लिहा. पुन्हा त्याच दारात गेलो. ज्या घरी आधी ‘मजूर १’ होता तिथे आता नवरा, बायको आणि पुढच्या हंगामापासून जाणारी पंधरा वर्षांची मुलगी निघाली.

त्याच सर्वेक्षणात दुसरा एक शब्द होता, ‘नेहमीचा रहिवासी’. सहा महिने किंवा जास्त बाहेर राहणारा माणूस घरचा धरायचा नाही, असा नियम. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला संपतो. म्हणजे हंगाम लांबला तर माणूस आपल्याच घराच्या यादीतून बाहेर, लवकर आटोपला तर आत. पाऊस आणि उसाचं पीक यांवर जर घरातल्या माणसांची संख्या ठरायला लागली तर ती व्याख्या त्या गावासाठी चुकीची आहे. आम्ही ‘हंगामी स्थलांतर’ वेगळं धरून ती माणसं घरातच मोजली आणि तसं अहवालाच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलं, म्हणजे दुसऱ्या सर्वेक्षणाशी तुलना करणाऱ्याला फरक कळावा.

करारनाम्यात ‘कुटुंब’ वाचलं तेव्हा मला तो घट्टा आठवला. मी कार्यकारी समितीत म्हटलं, आपल्याला चुली मोजायच्या नाहीत, घरं मोजायची आहेत. ‘कुटुंब’ खोडून ‘परिशिष्टातील प्रत्येक सदनिका’ असं करू. दोन घरं एकत्र केलेल्यांना दोन पार्किंग मिळाली, दोन भावांना एक. भावांपैकी धाकटा बरेच दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण आधी ठरलं म्हणून ते समितीच्या टेबलावर झालं, नाहीतर ताबा घ्यायच्या दिवशी पार्किंगमध्ये झालं असतं.

मग खरं काम सुरू झालं. आमच्या वकील मॅडमनी मला सांगितलं की व्याख्या वाचायच्या असतील तर आधी करारनामा वाचा. म्हणजे पाचव्या पानापासून शेवटपर्यंत जायचं, ज्या शब्दावर पैसा, जागा किंवा तारीख अवलंबून आहे त्याखाली पिवळी रेघ मारायची आणि मग मागे येऊन बघायचं, त्याला व्याख्या आहे का. मला ५७ शब्द सापडले. मसुद्यात व्याख्या होत्या ३१ शब्दांच्या, त्यातल्या सहा शब्दांचा पुढे कुठेच वापर नव्हता. कुठल्या तरी जुन्या करारातून उचललेल्या. ‘प्रकल्प म्हणजे या करारात वर्णन केलेला प्रकल्प’ अशी एक व्याख्या होती, आणि वर्णन शोधायला गेलं की ‘प्रकल्प वर व्याख्या केल्याप्रमाणे’.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एकाच गोष्टीची अनेक नावं शोधण्यात. घर सोडल्यावर दर महिन्याला मिळायच्या पैशाला कुठे ‘भाडे’, कुठे ‘नुकसानभरपाई’, कुठे ‘विस्थापन भत्ता’ म्हटलेलं. हे एकच की तीन? मुदत उलटली तर ‘नुकसानभरपाई’ दहा टक्क्यांनी वाढेल, असं कलम होतं. उद्या कोणी म्हणालं असतं की भाडं वेगळं आणि नुकसानभरपाई वेगळी, तर वाढ कशावर? शाळेत निबंधात एकच शब्द दोनदा आला की बाई लाल शाईने गोल करायच्या. ती सवय अंगात इतकी मुरलेली असते की मराठी प्रत लिहिताना माझ्याही हातून ‘सदनिका’, ‘घर’, ‘गाळा’ असं आलटून पालटून जात होतं. मग ठरवलं, एका वस्तूला एकच शब्द, तो दहा ओळींत दहा वेळा आला तरी चालेल.

मराठी प्रतीची आणखी एक अडचण होती. इंग्रजी करारात व्याख्या केलेला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, त्यामुळे वाचणाऱ्याला कळतं की हा शब्द खास अर्थाने आलाय. देवनागरीत मोठं अक्षर नाही. ‘ताबा’ हा करारातला ताबा की बोलण्यातला, कसं कळणार? आम्ही व्याख्या केलेला प्रत्येक शब्द संपूर्ण प्रतीत ठळक टाइपात छापला. टाइप करणाऱ्या मुलीला मी यादी दिली आणि तिने इतक्या बारकाईने केलं की माझ्याकडून सुटलेले दोन शब्दही तिनेच दाखवले. शिवाय दोन्ही प्रतींत तफावत निघाली तर इंग्रजी प्रत ग्राह्य, असं मसुद्यात होतं. ते आम्ही बदलू शकलो नाही. पण मराठी प्रत परिशिष्ट म्हणून जोडली गेली आणि तिच्या पानापानावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या.

‘म्हणजे’ आणि ‘समावेश होतो’ यांतला फरक मला वकील मॅडमकडून शिकायला मिळाला. ‘सुविधा म्हणजे लिफ्ट, पाण्याची टाकी आणि जनरेटर’ असं लिहिलं की यादी तिथे संपली. ‘सुविधांमध्ये लिफ्ट, टाकी, जनरेटर यांचा समावेश होतो’ म्हटलं की दार उघडं राहिलं. आपल्याला मिळणाऱ्या गोष्टींसाठी उघडं दार बरं वाटतं, पण उघड्या दारातून काय आत येईल हे समोरचाही ठरवू शकतो. म्हणून आम्ही जवळजवळ सगळीकडे ‘म्हणजे’ घेतलं. वाहतूक खर्च म्हणजे घर सोडताना आणि नव्या घरी परत येताना, असा दोन्ही वेळचा. मसुद्यात ते एकदाचं की दोनदाचं, हेच लिहिलेलं नव्हतं.

व्याख्येत अट लपलेली असते हेही तेव्हाच कळलं. ‘कॉर्पस म्हणजे विकासकाने प्रकल्पाच्या आर्थिक स्थितीनुसार द्यावयाची रक्कम.’ रक्कम देण्याचं कलम ५२व्या पानावर होतं आणि तिथे ठाम आकडा होता. पण व्याख्येतल्या ‘आर्थिक स्थितीनुसार’ या दोन शब्दांनी तो आकडा पातळ केला होता. कोणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. आम्ही ते दोन शब्द काढले.

एका बैठकीत विकासकाचे वकील वैतागून म्हणाले, ‘एवढं कशाला? सगळ्यांना माहीत असलेले शब्द आहेत.’ तेव्हा आमच्या मॅडमनी १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं उदाहरण सांगितलं. कलम २९ मध्येच ते दिलेलं आहे: एकाने दुसऱ्याला शंभर टन तेल विकायचं कबूल केलं, कोणतं तेल ते कुठेच स्पष्ट नाही, करार रद्दबातल. विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर मात्र करार टिकतो, कारण तेल कोणतं ते त्याच्या धंद्यावरून समजतं. आणि कलम १३ म्हणतं, संमती म्हणजे दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार देणं. ‘तेल सगळ्यांना माहीतच असतं,’ एवढं बोलून मॅडमनी पुढचं पान उलटलं.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली, आणि मला वाटतं सगळ्या खटाटोपात तीच सर्वांत उपयोगी पडली. प्रत्येक व्याख्या लिहून झाली की दोन्ही बाजूंनी ती वेगवेगळ्या खोलीत बसून एकाच खऱ्या घरावर लावून बघायची, आणि उत्तर कागदावर लिहून मग कागद समोर ठेवायचे. कार्पेटच्या व्याख्येला तीनदा वेगळी उत्तरं आली. तिसऱ्या वेळी कारण निघालं बंद केलेली बाल्कनी. आजींनी १९९४ मध्ये बाल्कनीला काचा लावल्या होत्या, वरच्या घराने तर ती हॉलमध्येच घेतली होती. ही बाल्कनी की खोली? पुष्कळ भांडण झालं. शेवटी ठरलं, मंजूर नकाशात जे दाखवलंय ते, आज काहीही असो. ज्यांनी बाल्कनी आत घेतली होती त्यांना मनातला हिशोब सोडावा लागला. पण जुन्या-नव्या दोन्ही घरांचं माप एकाच व्याख्येने होणार होतं: कार्पेट रेराप्रमाणे, बाल्कनी वेगळी मोजायची आणि तिच्यावरही तीस टक्के. परिशिष्टात २४ ओळी आल्या, प्रत्येक सदनिकेचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत आणि शेजारी चौरस फुटांत, एका चौरस मीटरला १०.७६४ च्या दराने.

‘सभासद’ या शब्दावर आम्ही फार वेळ घालवला नाही, पण तो सोडलाही नाही. तीन घरांत मूळ सभासद वारले होते आणि नॉमिनीचं नाव लागलं होतं. नॉमिनी म्हणजे मालक, असा समज आपल्याकडे पक्का आहे. सहकार कायद्यात २०१९च्या सुधारणेने अशा माणसाला वारस ठरेपर्यंत ‘तात्पुरता सभासद’ म्हटलंय. म्हणून भाडं तात्पुरत्या सभासदाच्या खात्यात जाईल, पण नव्या घराचा करार वारस ठरल्याशिवाय होणार नाही, असं व्याख्येला जोडून स्वतंत्र कलम आलं. एका घरात त्यामुळे भाचा आणि दोन बहिणी वकिलाकडे जाऊन एकत्र बसले.

खरी ओढाताण झाली ती ‘ताबा’ या शब्दावर. मसुद्यात ताब्याची तारीख म्हणजे विकासकाने ताबा घेण्यासाठी पाठवलेल्या पत्राची तारीख किंवा भोगवटा प्रमाणपत्राची (इमारतीत राहायला हरकत नाही या महापालिकेच्या दाखल्याची) तारीख, यांपैकी जी आधी येईल ती. आणि ताब्यापासून तीस दिवसांनी भाडं बंद. याचा अर्थ पत्र पाठवणं त्यांच्या हातात, आणि ते कधीही जाऊ शकत होतं. मी म्हटलं, ‘किल्ली हातात आली तो ताबा.’ मॅडम म्हणाल्या, ‘ताई, नुसती किल्लीही पुरायची नाही. किल्ली देतील आणि पाणी नसेल.’

मग आम्ही समितीत बसून विचार केला: परत आलो असं आपण केव्हा म्हणणार? तळमजल्यावरच्या काकांना गुडघ्यांमुळे लिफ्ट हवी होती, कारण नव्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर जाणार होते. लहान मुलं असलेल्यांना पाणी हवं होतं. माझ्यासाठी महावितरणचं मीटर महत्त्वाचं, कारण बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर राहिलेल्या लोकांचे हाल मी शेजारच्या गल्लीत पाहिले होते. ती यादीच व्याख्या झाली. ताबा म्हणजे पुढील सर्व गोष्टी पूर्ण झाल्यावर सभासदाला किल्ली मिळाल्याची तारीख: परिशिष्टातील सर्व २४ सदनिकांना लागू असलेलं भोगवटा प्रमाणपत्र, महापालिकेची पाण्याची जोडणी, प्रत्येक सदनिकेचं स्वतंत्र वीजमीटर, परवाना मिळून चालू असलेली किमान एक लिफ्ट. ‘सर्व’ हा शब्द आम्ही ठळक केला.

विकासकाला अंशतः भोगवटा प्रमाणपत्र चालायला हवं होतं. त्यांची बाजूही खोटी नव्हती. विक्रीची घरं वरच्या मजल्यांवर होती आणि त्यांचं काम मागे राहिलं म्हणून आमचं भाडं किती दिवस द्यायचं? म्हणून २४ घरं आली की अंशतः चालेल, पूर्ण इमारतीचं असायलाच हवं असं नाही, इतकं आम्ही सोडलं. त्यांच्याकडून मुदतीची सुरुवात सोडवून घेतली. मसुद्यात मुदत ‘सर्व परवानग्या मिळाल्यापासून’ सुरू होत होती, आणि ‘सर्व’ कधी पूर्ण होतील हे कोणीच सांगू शकत नव्हतं. ती आता बांधकाम सुरू करण्याच्या पहिल्या दाखल्याच्या तारखेपासून मोजली जाणार होती.

चार पानांच्या व्याख्या होता होता अकरा पानं झाली. बाकीचा करारनामा मात्र ८० पानांवरून ६९ वर आला, कारण जागोजागी केलेली स्पष्टीकरणं काढता आली. जून २०२२ मध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली. त्याआधीच्या रविवारी आम्ही तळमजल्यावर सतरंज्या अंथरून अकरा पानं मोठ्याने वाचली. सव्वादोन तास लागले. उठून कोणी गेलं नाही. आजींनी ‘ताबा’ची व्याख्या दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, ‘यातलं एक नसलं तर?’ मी म्हटलं, ‘तर ताबा नाही, आणि भाडं चालू.’ त्यांनी मान हलवली.

ऑक्टोबरमध्ये आम्ही घरं रिकामी केली.

एप्रिल २०२५ मध्ये प्रत्येक सभासदाला पत्र आलं: अंशतः भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे, सात दिवसांत ताबा घ्यावा, त्यानंतर तीस दिवसांनी भाडं थांबेल. प्रमाणपत्र जोडलेलं होतं. ते चौथ्या मजल्यापर्यंतचं होतं, आणि आमची चार घरं पाचव्या मजल्यावर होती. पाण्याची जोडणी झालेली होती, मीटर लागलेले नव्हते. ज्यांची घरं खालच्या मजल्यांवर होती त्यांच्यातले काहीजण जायला उतावीळ होते, आणि ते स्वाभाविक होतं. अडीच वर्षं परक्या घरात काढल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार? त्यांचे फोन मला रोज यायचे. मी प्रत्येकाला तेच सांगायची, किल्ली घेतलीत तरी करारातला ताबा झाला असं लिहून देऊ नका.

समितीचं उत्तर दीड पानाचं होतं. वर व्याख्येचा क्रमांक, खाली चार ओळी, प्रत्येक ओळीपुढे ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’. आठ दिवसांनी विकासकाच्या ऑफिसातून फोन आला. त्यांच्या वकिलांनी व्याख्या काढून वाचली होती. वाद घातला नाही, फक्त विचारलं की मीटर आणि पाचव्या मजल्याचं प्रमाणपत्र जुलैअखेर झालं तर चालेल का.

झालं ते ऑगस्टमध्ये. मे, जून, जुलै आणि ऑगस्टचं भाडं २४ घरांना पाच तारखेच्या आत मिळालं. आजींचं घर आता तिसऱ्या मजल्यावर आहे. किल्ली मिळाली त्या दिवशी त्यांनी आधी नळ सोडून बघितला, मग मीटरच्या पेटीपाशी जाऊन स्वतःच्या नावाची चिठ्ठी वाचली, आणि मग लिफ्टने खाली जाऊन तुळशीची कुंडी वर आणली.